आधी वॉर्डात पाठवा, मग मॉडेल बनवायला सांगा

बायोमेडिकल इन्फर्मेटिक्समधले, म्हणजे वैद्यकीय डेटाचा कॉम्प्युटरने अभ्यास करायच्या शास्त्रातले, पीएचडी आणि पोस्टडॉकचे (पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाचे) प्रोग्रॅम चालवणारे डायरेक्टर, गाईड, अ‍ॅडमिशन कमिटीतले मेंबर आणि या सगळ्याला पैसा पुरवणाऱ्या संस्थांमधले अधिकारी, तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

पत्र लांबलंय, आधीच सांगते. पण मुद्दा एकच आहे. तुमच्याकडून तयार होऊन जी मुलं-मुली बाहेर पडतात त्यांना डेटा वापरता येतो, भन्नाट वापरता येतो, पण तो डेटा जन्माला कसा येतो हे त्यांना माहीत नसतं आणि माहीत नसतं कारण तुमच्या कोर्समध्ये त्याला जागाच नाहीये. मी स्वतः अशाच एका प्रोग्रॅममधून पीएचडी केली, मग पोस्टडॉक केलं, आता हॉस्पिटलच्या डेटावर काम करणाऱ्या टीममध्ये आहे, नवीन येणाऱ्यांच्या मुलाखती घेते, त्यांचं काम तपासते. म्हणजे लांब बसून दगड मारणारी मी नाही.

मुलाखतीत माझा एक ठरलेला प्रश्न असतो. समोर एक टेबल ठेवते, पेशंटचे रेस्पिरेटरी रेट, म्हणजे मिनिटाला श्वास किती, आणि विचारते यात तुला काय दिसतं. मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, मिसिंग किती टक्के, आउटलायर कुठे, हे सगळे फटाफट सांगतात. फार थोडे जण म्हणतात की अहो इथे १६, १८, २० यांचीच गर्दी का आहे, १७ आणि १९ गेले कुठे? गर्दीच्या वॉर्डात कोणाला श्वास मोजताना एकदा जरी पाहिलं असेल तर याचं उत्तर लगेच येतं, कारण पूर्ण मिनिटभर घड्याळाकडे बघत उभं राहायला तिथे कोणाला वेळच नसतो, अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं जातं, पाव मिनिट मोजून चौपट केलं जातं आणि फारच धावपळ असेल तर पेशंट बरा दिसतोय ना, मग १६ नाहीतर १८ लिहून पुढच्या बेडकडे. यात नर्सला दोष द्यायचं काहीच कारण नाही. तिच्या कामासाठी तेवढं पुरतं. आपण मात्र तो आकडा मशीनने मोजल्यासारखा घेतो आणि मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकून भाकीत करणारा प्रोग्रॅम, त्याला १७ आणि १८ मधल्या फरकावरून शिकवत बसतो.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही त्यांना खऱ्या हॉस्पिटलचाच डेटा देतो की. देता, खरंय. जगभरातल्या विद्यार्थ्यांनी ज्याच्यावर हात साफ केलाय तो मिमिक डेटासेट, एमआयटी आणि बॉस्टनचं बेथ इस्राएल डीकनेस मेडिकल सेंटर यांनी मिळून केलेला. त्याची तिसरी आवृत्ती २०१६ मध्ये आली, २००१ ते २०१२ या काळातले आयसीयूचे चाळीस हजारांवर पेशंट त्यात आहेत, छोटा ऑनलाइन कोर्स पूर्ण करून करारावर सही केली की फुकट मिळतो. ज्यांनी हे केलं त्यांचे खरोखर उपकार आहेत, नाहीतर ज्या विद्यार्थ्यांच्या आसपास डेटा देणारं एकही हॉस्पिटल नाही त्यांनी कशावर शिकायचं होतं? पण डाउनलोड करून मिळालेल्या डेटाचा एक तोटा असतो, तो ज्या माणसांनी भरला त्यांच्याशी आपली गाठच पडत नाही.

त्याच मिमिकमधलं बघा. पेशंटची ओळख लपवायची म्हणून तारखा सगळ्या पुढे ढकलल्यात, थेट बाविसाव्या शतकात, आणि ८९ वर्षांच्या वरचे जे पेशंट आहेत त्यांच्या जन्मतारखा अशा बदलल्यात की वय काढायला गेलं की ३०० च्या पुढे येतं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्वच्छ लिहिलंय. पण डॉक्युमेंटेशन वाचायला शिकवतंय कोण? मग कोणीतरी हे ३०० वर्षांचे पेशंट चुकीचा डेटा समजून उडवतं आणि आयसीयूतले सगळ्यात म्हातारे लोक, ज्यांच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका, तेच अभ्यासातून गायब होतात, आणि कोणी न उडवता तसंच सरासरीत घेतलं तर आणखीनच गंमत. किंवा वेळेचं बघा. एकाच मोजमापाला तिथे दोन वेळा असू शकतात, हे माप पेशंटचं कधीचं आहे ती एक आणि कोणीतरी ते सिस्टिममध्ये पक्कं कधी केलं ती दुसरी. पहिलीवर मॉडेल बांधलं आणि म्हणालात की आम्ही चार तास आधी सांगतो, तर प्रत्यक्षात त्या क्षणी तो आकडा कॉम्प्युटरमध्ये आलेलाच नसेल. डायग्नोसिसचे कोड, म्हणजे प्रत्येक आजाराला ठरवून दिलेले क्रमांक, तर डिस्चार्जनंतर बिलासाठी लावले जातात. ते घालून अ‍ॅडमिट होतानाचं भाकीत करणारी मॉडेल मी अजूनही बघतेय, अगदी चांगल्या चांगल्या ठिकाणांहून येणारी, आणि अ‍ॅक्युरसी अर्थातच झकास असते.

एक पेपर आहे जो मला वाटतं प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पहिल्या आठवड्यात सगळ्यांना समोर बसवून वाचून घ्यायला हवा. २०१८ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात डेनिस एग्नियल, आयझॅक कोहाने आणि ग्रिफिन वेबर यांनी छापलेला. बॉस्टनच्या दोन हॉस्पिटलमधले रेकॉर्ड घेतले, २७२ वेगवेगळ्या लॅब टेस्ट, आणि प्रश्न असा की पेशंट तीन वर्षांनी हयात असेल का. तर २७२ पैकी २३३ टेस्टच्या बाबतीत, रिझल्ट काय आला ते सोडाच, नुसती ती टेस्ट सांगितली गेली होती की नाही याचाच जगण्या-मरण्याशी संबंध लागला. त्याहून पुढचं म्हणजे ज्या १७४ टेस्टमध्ये तुलना करता आली त्यातल्या ११८ मध्ये टेस्ट केव्हा केली, दिवसाच्या कुठल्या वेळी, कुठल्या वारी, आधीच्या टेस्टनंतर किती दिवसांनी, ही माहिती टेस्टच्या रिझल्टपेक्षा जास्त अचूक भाकीत करत होती. विचार केला तर उघड आहे. पहाटे तीन वाजता उगाच कोणी कोणाचं रक्त काढत नाही. पहाटे तीनला रक्त काढलं याचा अर्थ कोणीतरी अनुभवी माणूस त्या बेडपाशी उभा राहून काळजीत पडला होता. ती काळजी डेटामध्ये आहे, पण ती कुठल्याच कॉलममध्ये लिहिलेली नाही, टाइमस्टॅम्पमध्ये, नोंदीच्या वेळेत, लपलीय, आणि मॉडेल ती उचलतं आणि आपण म्हणतो बघा आमच्या मॉडेलने आजार ओळखला. आजार ओळखला डॉक्टरने. मॉडेलने डॉक्टरला ओळखलं.

हे काही नवीन शहाणपण नाही हां. योहान व्हॅन डर लेई यांनी १९९१ मध्येच लिहून ठेवलंय की डेटा ज्या कामासाठी गोळा केला त्याच कामासाठी वापरावा, आणि त्याला त्यांनी इन्फर्मेटिक्सचा पहिला नियम म्हटलं होतं. आपण सगळे तो नियम रोज मोडतो, मोडावाच लागतो, नाहीतर हॉस्पिटलच्या रेकॉर्डवरचं सगळं संशोधनच बंद करावं लागेल. पण नियम मोडणाऱ्याला निदान हे तरी माहीत असावं की ते मूळ काम कोणतं होतं. नोट डॉक्टरने कोणासाठी लिहिली, पुढच्या शिफ्टच्या डॉक्टरसाठी, विमा कंपनीसाठी, की उद्या कोर्टात उभं राहावं लागलं तर म्हणून? तिन्हीची भाषा वेगळी असते. २०१७ मध्ये एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या २३ हजारांवर प्रोग्रेस नोट्स, म्हणजे पेशंटच्या तब्येतीच्या रोजच्या नोंदी, तपासल्या होत्या, त्यात हाताने टाइप केलेला मजकूर १८ टक्के निघाला, ४६ टक्के कॉपी-पेस्ट आणि उरलेला सिस्टिममधून आपोआप ओढून आणलेला. आता नोट्सवर मोठमोठी लँग्वेज मॉडेल ट्रेन करणाऱ्या विद्यार्थ्याला जर हे माहीत नसेल, तर एकच वाक्य त्याला सात दिवसांच्या सात नोट्समध्ये दिसेल आणि तो समजेल की सात वेळा तपासून सात वेळा तेच आढळलं.

यावर मला गाईड लोकांकडून नेहमी एकच उत्तर मिळतं: डोमेन नॉलेज काय, काम करता करता येतंच. नाही येत हो. आलं असतं तर २०१८ मधल्या छातीच्या एक्सरेच्या त्या अभ्यासात जे दिसलं ते दिसलं नसतं, न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं मॉडेल एक्सरे कुठल्या हॉस्पिटलचा आहे हेच जवळपास अचूक ओळखत होतं आणि जिथे न्यूमोनिया जास्त तिथल्या फोटोला जास्त मार्क देण्याची सोय त्याला आयती मिळत होती. आणि झियाद ओबरमायर आणि मंडळींनी २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात दाखवलेलं ते प्रकरण तर सगळ्यांनी ऐकलंय, अमेरिकेत कोणाला जास्तीची देखभाल द्यायची हे ठरवणाऱ्या अल्गोरिदमने आजारपणाच्या जागी खर्च हा लेबल, म्हणजे मॉडेलने शिकायचं उत्तर, म्हणून घेतला होता, आणि ज्या लोकांवर मुळातच खर्च कमी केला जातो ते त्याला कमी आजारी वाटले. निवडलेल्या लोकांत कृष्णवर्णीय १७.७ टक्के होते, तो भेद काढला असता तर ४६.५ टक्के झाले असते. हा लेबल निवडणारे मूर्ख किंवा दुष्ट होते असं मला अजिबात वाटत नाही. खर्चाचा कॉलम पूर्ण भरलेला असतो, स्वच्छ असतो, आकड्यात असतो. तुमच्या प्रोग्रॅममधली कुठलीही हुशार विद्यार्थिनी तोच निवडेल, कारण लेबल निवडताना काय विचारायचं हे तिला कोणी शिकवलेलंच नाही, लॉस फंक्शन, म्हणजे मॉडेलची चूक मोजायचं सूत्र, निवडायचं मात्र एक अख्खं सेमिस्टर शिकवलंय.

साधा डायबेटिस घ्या. रेकॉर्डमधून टाइप टूचे पेशंट वेगळे काढ म्हटलं की नवखा माणूस डायग्नोसिस कोड शोधतो आणि झालं. पण तो कोड कधी कधी नुसती तपासणी सांगताना, डायबेटिस आहे का बघू म्हणूनही लागतो, मेटफॉर्मिन हे डायबेटिसचं औषध घेणारी प्रत्येक बाई डायबेटिक नसते, पीसीओएस या हार्मोनच्या त्रासासाठीही देतात, शुगरचा एखादा वाढलेला आकडा स्टेरॉइड चालू असतानाचा असू शकतो, आणि अमेरिकेतला डेटा असेल तर १ ऑक्टोबर २०१५ ला कोडिंगची पद्धतच आयसीडी-९ वरून आयसीडी-१० वर गेली त्यामुळे त्या तारखेला आलेख कितीतरी आजारांमध्ये उगाचच उडी मारतो. अशी एक व्याख्या नीट करायला, पन्नास-शंभर केसपेपर स्वतः वाचून ती तपासायला काही महिने जातात. आणि ते महिने तुमच्या हिशोबात धरले जात नाहीत. थिसिसमध्ये त्याला मेथड्सचा एक परिच्छेद मिळतो.

इथे मला ट्रेनी लोकांबद्दल जरा सविस्तर बोलायचंय, कारण तुम्ही दोन अगदी वेगळ्या प्रकारची माणसं घेता आणि दोघांना एकाच साच्यातून काढता. एक कॉम्प्युटर सायन्स, स्टॅटिस्टिक्स, इंजिनीअरिंगवाले, बहुतेक पीएचडीला येतात. दुसरे डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्सिंगवाले, हे बरेचदा पोस्टडॉकला येतात, वॉर्डात वर्षं काढून. कागदावर हे फार छान दिसतं, दोघं एकमेकांकडून शिकतील वगैरे. प्रत्यक्षात काय होतं? डॉक्टर असलेल्या पोस्टडॉकला दोन-तीन महिन्यांचा प्रोग्रॅमिंगचा क्रॅश कोर्स देतात, तो धड झेपत नाही, मग ती बिचारी लॅबमध्ये सगळ्यांच्या प्रोजेक्टसाठी नोट्स वाचून लेबल लावणारी फुकटची अ‍ॅनोटेटर होते आणि दहा पेपरमध्ये मधलं नाव मिळवून निघून जाते. पीएचडीचा मुलगा डॉक्टर लोकांच्या मीटिंगमध्ये गप्प बसतो, त्याला कळतच नाही ते काय बोलतायत, आणि विचारायची लाज वाटते, मग तो फुकटचा प्रोग्रॅमर होतो, अमुक एक रिग्रेशन चालवून दे रे. दोघंही वापरले जातात, शिकत कोणीच नाही. आणि दोघांचा गाईड एकच असतो, ज्याला या दोनपैकी एकच भाषा नीट येते.

म्हणून माझं म्हणणं आहे की दोन गाईड हे कागदापुरतं नको. दुसरा गाईड थिसिस कमिटीत वर्षातून एकदा चहा प्यायला येणारा नको, तर ज्याच्या हाताखाली तो डेटा तयार होतो असा माणूस हवा, आयसीयूची इन्चार्ज, पॅथॉलॉजी लॅबची प्रमुख, मेडिकल रेकॉर्डमध्ये कोडिंग करणारा, म्हणजे आजारांचे कोड लावणारा, अनुभवी माणूस, हो, कोडिंग करणारा सुद्धा, मी थट्टा करत नाहीये. माझ्या बघण्यात इन्फर्मेटिक्सच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त काही शिकवून गेले असतील तर हे मेडिकल कोडर लोक, कारण डॉक्टरने काय लिहिलं, त्यातून कुठला कोड लागला आणि का लागला, हे आतून फक्त त्यांनाच माहीत असतं. त्यांना तुमच्या प्रोग्रॅममध्ये साधं लेक्चर द्यायलाही कोणी बोलावत नाही. पदवी नाही ना.

फक्त हॉस्पिटलबद्दलच बोलतेय असं समजू नका, जीनचा अभ्यास करणारे जीनोमिक्सवाले सुटले असं नाही. एक्सेलने जीनची नावं तारखा समजून बदलायची भानगड २००४ मध्येच कोणीतरी छापून दाखवली होती, मार्च१ नावाचं जीन उघडलं की १ मार्च, सेप्ट२ उघडलं की २ सप्टेंबर. बारा वर्षांनी, २०१६ मध्ये पुन्हा मोजलं तर एक्सेलमध्ये जीनची यादी जोडलेल्या पेपरांपैकी साधारण एक पंचमांशात हा घोळ सापडला. शेवटी २०२० मध्ये जीनला नावं देणाऱ्या कमिटीने हात टेकले आणि जीनचीच नावं बदलली, मार्चएफ१, सेप्टिन२ वगैरे. माणसं सुधारत नाहीत म्हणून जीनचं बारसं पुन्हा करावं लागलं! हसायला येतं, पण ड्यूक युनिव्हर्सिटीचं प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. कुठल्या कॅन्सर पेशंटला कुठलं केमो लागू पडेल हे जीन एक्स्प्रेशनवरून, म्हणजे कुठलं जीन किती चालू आहे त्यावरून, सांगतो असे तिथल्या एका गटाचे पेपर होते, एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांनी ते आकडे पुन्हा काढून बघायला घेतले तर जीनची यादी एका ओळीने सरकलेली, कुठे औषध लागू पडणारे आणि न पडणारे यांची लेबलं चक्क उलटी. २००९ मध्ये त्यांनी हे सगळं छापलं, आणि तोपर्यंत त्या निष्कर्षांवर खऱ्या पेशंटचे ट्रायल चालू झाले होते. नंतर ट्रायल बंद झाले, पेपर मागे घेतले गेले. बॅगर्ली आणि कूम्ब्स यांनी जे काम केलं ते आज तुमच्या कुठल्या विद्यार्थ्याने केलं तर त्याला त्यावर पीएचडी मिळेल का? प्रामाणिकपणे सांगा. मला वाटतं गाईड म्हणेल, यात नॉव्हेल्टी, नवीन असं, काय?

खरं दुखणं तिथेच आहे. नॉव्हेल्टी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला पहिलं काम म्हणून कोणाचातरी छापलेला पेपर घेऊन, मूळ डेटापासून सुरुवात करून, तोच आकडा येतो का बघायला लावा, आणि न आल्यास का येत नाही हे शोधून त्याचा रिपोर्ट लिहू द्या, त्याला क्रेडिट द्या, थिसिसचं पहिलं प्रकरण म्हणून धरा. यातून जे शिकायला मिळतं ते कुठल्याही मशीन लर्निंगच्या कोर्समध्ये मिळत नाही. पण तुम्ही पहिल्याच वर्षी विचारता कॉन्फरन्सला काय पाठवतोयस. मग तो बिचारा मिमिक डाउनलोड करतो, पूर्वीच्या बॅचच्या कोणाचातरी प्रीप्रोसेसिंगचा, म्हणजे डेटा साफ करून मांडायचा, कोड उचलतो, त्यातल्या चुकांसकट, आणि वरती मॉडेलची नवीन रचना, आर्किटेक्चर लावतो. कोड लिहिणारा पास होऊन गेलेला असतो, त्याला मेल केला तर तो म्हणतो अरे ते मीसुद्धा कोणाकडून तरी घेतलं होतं. लॅबचं सॉफ्टवेअर सांभाळायला पगारी माणूस ठेवा हा विषय ग्रँटच्या बजेटमध्ये कितीतरी वर्षं भिजत पडलाय.

पोस्टडॉकबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे वेळच नसतो. दोन वर्षांची पोझिशन. आल्यावर एथिक्स कमिटीची परवानगी, मग डेटा वापराचा करार, त्यावर दोन संस्थांचे वकील, मग आयटी विभागाकडून अकाउंट, मग कळतं की मागितलेल्या टेबलात हवा तो कॉलमच नाही आणि पुन्हा पहिल्यापासून. यात महिनेच्या महिने जातात, आणि तोवर गाईड म्हणतो तोपर्यंत पब्लिक डेटावर काहीतरी कर. झालं, येरे माझ्या मागल्या. हा नियमांचा जाच आहे असं मी म्हणत नाही, नियम हवेतच, लटान्या स्वीनी यांनी १९९७ च्या सुमाराला मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचं आजारपण नाव काढून टाकलेल्या डेटातून मतदारयादीशी जुळवून शोधून काढलं होतं हे विसरून चालणार नाही. पण पोस्टडॉक येणार, अमुक विषयावर काम करणार, हे तुम्हाला काही महिने आधीच माहीत असतं. मग अर्ज तुम्ही आधी का नाही टाकत? आणि परवानगी यायची तोवर त्या माणसाला पब्लिक डेटावर बसवण्याऐवजी वॉर्डात, लॅबमध्ये, रेकॉर्ड रूममध्ये का नाही पाठवत? नुसतं बघायला परवानगी मिळणं त्या मानाने सोपं असतं. नर्सच्या मागे एक पूर्ण शिफ्ट, रात्रीची सुद्धा. रक्ताचं सँपल बेडपासून निघून अ‍ॅनलायझरमध्ये जाईपर्यंत त्याच्याबरोबर चालत जायचं, लेबल कुठे चिकटतं, बारकोड कुठे वाचला जात नाही, कुठल्या टप्प्यावर सँपल घेतल्याची वेळ लिहिली जाते आणि ती खरी असते का की कोणीतरी दहा सँपलना एकच वेळ टाकतं, हे सगळं लिहून काढायचं. पल्स ऑक्सिमीटर कोणाच्या बोटाला कसा लावतात तेही बघायचं, २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं होतं की ते यंत्र ठीक आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये ११.७ टक्के आणि गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के होतं, म्हणजे डेटा टाइप होण्याच्या आधीच, यंत्रातच वाकडा झालेला असतो. स्क्रीनसमोर बसून हे कळायला काही मार्ग नाही. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

आणि दुसरं टोक, म्हणजे तयार झालेलं मॉडेल परत वॉर्डात गेल्यावर काय होतं, त्याचंही ट्रेनिंग जवळपास शून्य. १९७९ मध्ये स्टॅनफर्डच्या मायसिनची, संसर्गावर कुठलं औषध द्यायचं ते सुचवणाऱ्या प्रोग्रॅमची, परीक्षा घेतली होती, मेनिंजायटिसच्या केसेस, बाहेरचे तज्ज्ञ परीक्षक, कोणाचा सल्ला ते न सांगता. मायसिनचे सल्ले ६५ टक्के वेळा मान्य झाले, तिथल्या संसर्गरोगाच्या प्राध्यापकांचे ४२.५ ते ६२.५ टक्के. एवढं असून तो प्रोग्रॅम रोजच्या वापरात कधीच आला नाही, कारण वॉर्डात कॉम्प्युटर नव्हता आणि एका पेशंटसाठी त्याच्या प्रश्नांची लांबलचक उत्तरं टाइप करत बसायला डॉक्टर मोकळा नव्हता. आज कॉम्प्युटर आहे, डेटाही आपोआप जातो, तरी २०२१ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीच्या हॉस्पिटलमध्ये एपिक या हॉस्पिटल रेकॉर्डचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीचं सेप्सिस, म्हणजे संसर्गाने येणारी जीवघेणी अवस्था, ओळखायचं मॉडेल तपासलं तेव्हा एयूसी या मापात (१ म्हणजे बिनचूक, ०.५ म्हणजे नाणेफेक) कंपनीने सांगितलेल्या ०.७६ ते ०.८३ च्या जागी ०.६३ आलं, सेप्सिसच्या ६७ टक्के पेशंटना त्याने पकडलं नाही आणि तरी अ‍ॅडमिट झालेल्या १८ टक्के लोकांवर अलर्ट वाजवले. अलर्ट वाजल्यावर नर्स काय करते, कुठला बंद करते, कितव्या अलर्टनंतर बघणंच सोडते, हे शोधायला मुलाखती घ्याव्या लागतात, निरीक्षण करावं लागतं, म्हणजे समाजशास्त्रवाले करतात तसलं काम, आणि तुमच्याकडे त्याला सॉफ्ट म्हणून नाक मुरडतात. चार्ल्स फ्रीडमन यांनी २००९ मध्ये या विषयाचं मूळ सूत्रच असं मांडलं की माणूस आणि माहितीचं साधन मिळून, तोच माणूस एकटा असताना करेल त्यापेक्षा चांगलं काम करायला हवं. सूत्रात माणूस आहे. तुमच्या क्वालिफाइंग परीक्षेत त्या माणसावर किती मार्कांचे प्रश्न असतात?

पैसे देणाऱ्यांना वेगळं सांगायचंय ते एवढंच की तुम्ही ग्रँटच्या रिन्यूअलच्या वेळी जे विचारता तेच प्रोग्रॅम करतात. पेपर किती, किती वर्षांत पास झाले, पुढे कुठे लागले, हे विचारता, तर तेच मिळतं. एक प्रश्न वाढवा: प्रत्येक ट्रेनीने आपला मुख्य डेटा जिथे तयार होतो तिथे किती वेळ घालवला आणि तिथून त्याने काय लिहून आणलं. ते लिखाण जोडायला सांगा. सहा महिन्यांत सगळीकडे वॉर्डाचे दरवाजे उघडतील बघा, आत्ता जे म्हणतात की हॉस्पिटल परवानगी देत नाही तेच रांगेत उभे राहतील.

कोणीतरी म्हणेलच की आता कोड एआय लिहून देतं, त्यामुळे ट्रेनिंगच बदलणार. बदलू दे की. कोडचा वेळ वाचत असेल तर तो वेळ कुठे घालवायचा हा निर्णय तुमच्या हातात आहे, आणि आत्ता तरी मला दिसतंय की तो आणखी दोन पेपर काढण्यात जातोय.

येणाऱ्या अ‍ॅडमिशनच्या जाहिरातीत तीन गोष्टी छापा एवढीच विनंती: पहिल्या वर्षात ट्रेनी वॉर्डात किंवा वेट लॅबमध्ये, जिथे सँपल प्रत्यक्ष हाताळतात, किती आठवडे असेल, दुसरा गाईड डेटा तयार होणाऱ्या जागेवरचा असेल का आणि त्याला या कामाचा वेळ त्याच्या ड्यूटीत धरून मिळतो का, आणि गेल्या बॅचमधल्या प्रत्येकाला डेटा हातात पडायला किती महिने लागले. शेवटचा आकडा छापायला जड जाईल, माहितीय मला. तरी छापा, अर्ज करणाऱ्या मुलांना तो आधी कळायला हवा.

तुमच्यापैकी कोणी हे आधीच करत असेल तर कसं जमवलं ते लिहा, विशेषतः नर्सिंग विभागाला कसं तयार केलं आणि रात्रीच्या शिफ्टचं काय केलं ते. आमच्याकडे तिथेच अडतंय.

तुमची,
एक माजी पोस्टडॉक